मोनार्कच्या चढावर दोन फाइली : पेट्रोल मोटरहोमच्या ट्यूनिंगचा प्रवास

शुक्रवार : डेन्व्हर ते सलायडा

डेन्व्हरहून नैर्ऋत्येला निघणारा यूएस 285 हा रस्ता शहर मागे पडताच चढू लागतो आणि केनोशा पासवर 10,000 फुटांची उंची गाठतो. पेट्रोलवर चालणाऱ्या जड मोटरहोमचे, म्हणजे चाकांवरच्या घराचे, सगळे गुणदोष या एका रस्त्यावर कळतात. आमची गाडी 2011 सालच्या फोर्ड एफ-53 चॅसिसवर बांधलेली आहे. तिच्यात 6.8 लिटरचे, दहा सिलिंडरचे ट्रायटन व्ही-10 इंजिन आहे आणि त्याच्या मागे टॉर्कशिफ्ट हा पाच गतींचा स्वयंचलित गिअरबॉक्स आहे. कागदावर हे इंजिन 4,750 आरपीएमला 362 अश्वशक्ती आणि 3,250 आरपीएमला 457 पौंड-फूट टॉर्क देते. निघण्यापूर्वी ट्रक-थांब्यावरच्या काट्यावर वजन केले, तेव्हा पाणी, पेट्रोल, सामान आणि माणसे धरून ते 18,400 पौंड भरले.

या प्रवासाचा हेतू निसर्गदर्शनाचा नव्हता. एफ-53 च्या मालकांमध्ये गेली अनेक वर्षे इंजिन आणि गिअरबॉक्सचे सॉफ्टवेअर बदलून घेण्याची, म्हणजेच ट्यून किंवा नवी 'फाइल' टाकण्याची पद्धत आहे. त्या ट्यूनने चढावर नेमके काय बदलते, हे मला एकाच गाडीवर, एकाच घाटात, तेवढ्याच वजनावर आणि त्याच पेट्रोलवर तपासायचे होते. सोबत माझा नवरा होता आणि साताऱ्याहून उन्हाळ्यापुरते आलेले माझे बाबा होते. बाबांची नोकरी एस.टी.च्या डेपोत मेकॅनिक म्हणून झाली आणि त्यातली काही वर्षे दापोडीच्या कार्यशाळेत गेली, त्यामुळे आकडे वाचण्याआधी ते इंजिन ऐकतात.

शहराबाहेरच्या पहिल्याच लांब चढावर त्यांनी सीट पुढे ओढली आणि दोन सीटांच्या मधल्या इंजिनाच्या झाकणावर हात ठेवला. या गाड्यांत इंजिन चालकाच्या शेजारीच असते, त्यामुळे त्याचा आवाज आणि उष्णता दोन्ही थेट अंगावर येतात. "इंजिन ओरडतंय, पण गाडी ओढत नाही," ते म्हणाले. "हा गिअर सारखा खाली-वर का करतोय?"

त्याचे उत्तर गिअरच्या गुणोत्तरांत आहे. पाचव्या गिअरचे गुणोत्तर 0.71, चौथ्याचे 1.00, तिसऱ्याचे 1.55 आणि दुसऱ्याचे 2.22 आहे. आमच्या 5.38 गुणोत्तराच्या मागील अॅक्सलवर ताशी 60 मैलांना पाचव्या गिअरमध्ये इंजिन साधारण 2,450 आरपीएमवर फिरते आणि चौथा पडताच ते 3,450 च्या पुढे जाते. वाऱ्याची एखादी झुळूक समोरून आली किंवा उड्डाणपुलाचा जरासा चढ लागला, तरी कारखान्याचे सॉफ्टवेअर चौथा टाकते, वेग सावरला की पुन्हा पाचवा घेते आणि मिनिटाभरात परत तेच करते. इंजिनाला हजार आरपीएमची ही उडी दिवसभर मारावी लागते आणि चालवणारा माणूस त्या आवाजानेच थकतो.

उंचीचा हिशेब याहून वेगळा आहे. टर्बो नसलेले इंजिन दर हजार फुटांमागे सुमारे तीन टक्के ताकद गमावते. केनोशाच्या माथ्यावर म्हणजे कागदावरच्या 362 पैकी 250 च्या आसपासच अश्वशक्ती उरते, आणि कोणतेही सॉफ्टवेअर ती परत आणू शकत नाही. टर्बो डिझेलमध्ये ट्यूनने हवेचा दाब वाढवता येतो, म्हणून तिथे मोठे आकडे ऐकू येतात. इथे हवा जेवढी आहे तेवढीच आहे. हे बोलणे चालू असतानाच बाबांनी तो प्रश्न विचारला, जो पुढचे सगळे दिवस आमच्यासोबत राहिला : "हवा वाढत नाही, तर मग तुमची फाइल नक्की काय बदलते?"

शनिवार : मोनार्क पास, कारखान्याच्या फाइलवर

सलायडा सुमारे 7,080 फुटांवर आहे. तिथून पश्चिमेला पोंचा स्प्रिंग्जवरून यूएस 50 हा रस्ता मोनार्क पासकडे जातो आणि खंडविभाजक रेषा 11,312 फुटांवर ओलांडतो. शेवटचा टप्पा सहा टक्क्यांहून अधिक चढाचा आहे. तुलनेसाठी याहून चांगली जागा मला सुचली नाही, कारण चढ सलग आहे आणि सकाळी वर्दळही कमी असते.

आधी पेट्रोल भरले. पंपावर 85, 87 आणि 91 असे तीन ऑक्टेन होते. 85 पाहून बाबांना आश्चर्य वाटले, कारण त्यांच्या सवयीचे भारतातले साधे पेट्रोल 91 ऑक्टेनचे असायचे. दोन्ही देशांची मोजणी वेगळी आहे. भारतात संशोधन-पद्धतीचा आकडा देतात आणि अमेरिकेत दोन पद्धतींची सरासरी, त्यामुळे इथले 87 हे साधारणपणे तिथल्या 91 च्या जवळ जाते. कोलोरॅडोत 85 विकले जाते ते जुन्या कार्ब्युरेटरच्या काळापासून, कारण विरळ हवेत सिलिंडरमधला दाब कमी राहतो आणि नॉकिंगची, म्हणजे पेट्रोल आपोआप पेटून इंजिनात टकटक होण्याची, भीती कमी होते. पण इंजिनाच्या पुस्तिकेत 87 लिहिलेले आहे आणि माझी ट्यूनही 87 साठीच मागवलेली आहे. ज्या फाइलमध्ये ठिणगी लवकर पाडलेली असते, तिला कमी ऑक्टेनचे पेट्रोल देणे धोक्याचे आहे. म्हणून दोन्ही दिवस 87 भरायचे आणि टाकी तेवढीच ठेवायची, असे ठरवले.

सकाळी सातला निघालो. निदानाच्या सोळा पिनांच्या सॉकेटला लावलेल्या ब्लूटूथ यंत्रावरून आरपीएम, गिअरबॉक्सच्या तेलाचे तापमान, कूलंटचे तापमान आणि इग्निशन टायमिंग (ठिणगी केव्हा पडते ते) माझा नवरा वहीत उतरवत होता. गारफिल्डपर्यंत तिसऱ्या गिअरमध्ये ताशी 45 मैलांवर इंजिन 4,000 च्या आसपास राहिले. पुढे चढ तीव्र झाला. वेग 42 वर आला तसा गिअरबॉक्सने दुसरा टाकला, इंजिन 4,900 वर गेले आणि गाडी 38 वर स्थिरावली. वळणानंतर चढ जरा सौम्य झाला की तिसरा पडायचा, त्यात ताकद अपुरी पडली की पुन्हा दुसरा. माथ्यापर्यंत हाच क्रम चालू राहिला. तेलाचे तापमान 214 अंश फॅरनहाइटपर्यंत चढले. ते धोक्याचे नाही, पण 200 च्या आत राहिले असते तर मला बरे वाटले असते.

बाबा म्हणाले, "खंबाटकीत आमचा चांगला ड्रायव्हर चढ सुरू व्हायच्या आधीच गिअर टाकायचा आणि मग माथ्यापर्यंत हात लावायचा नाही. हा गिअरबॉक्स नवख्या ड्रायव्हरसारखा वागतोय." त्यांचे निदान अचूक होते. फोर्ड कंपनी हे चॅसिस उघडे विकते आणि त्यावर घर बांधणारे कारखाने वेगळे असतात. 16,000 पौंडांपासून 26,000 पौंडांपर्यंतच्या गाड्यांसाठी याच जातीचे इंजिन वापरायचे, तर सॉफ्टवेअर सावधच लिहावे लागते. ते आमच्या 18,400 पौंडांसाठी लिहिलेले नाही, आणि त्यात कारखान्याची चूकही नाही.

उतारावर टो-हॉल हे जड ओझ्यासाठी खालचा गिअर धरून ठेवणारे बटण दाबून गाडी दुसऱ्या गिअरमध्ये ठेवली. पेट्रोल इंजिनाचा ब्रेक किती चांगला आहे हे अशा ठिकाणी कळते. पायाचा ब्रेक मी क्वचितच आणि थोडाच वेळ लावला. ट्यूनने ही सोय जराही कमी होता कामा नये, ही माझी सर्वांत मोठी अट होती आणि ती मी वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवली होती.

संध्याकाळी कॅम्पग्राउंडवर फाइल बदलली. हे काम घाईने करण्याचे नाही. मुक्कामाची वीज जोडली तरी बहुतेक गाड्यांत ती घराच्या बॅटरीला जाते, इंजिनाच्या बॅटरीला नाही, म्हणून त्या बॅटरीला वेगळा चार्जर लावला. ब्लूटूथ यंत्र काढले. दिवे, पंखे, रेडिओ बंद केले. मग हातात मावणारे प्रोग्रामर यंत्र सॉकेटला जोडून किल्ली फिरवली, पण इंजिन चालू केले नाही. यंत्राने आधी कारखान्याची फाइल वाचून स्वतःकडे जपून ठेवली आणि स्वतःला या एका गाडीशी बांधून घेतले. त्यानंतर ते दुसऱ्या गाडीवर चालत नाही. मग नवी फाइल लिहायला सुरुवात झाली. टक्केवारीची पट्टी सावकाश पुढे सरकत होती, मध्येच डॅशबोर्डवरचे काटे थरथरले, पेट्रोलचा पंप क्षणभर गुणगुणला आणि थांबला. या वेळी वीज गेली किंवा वायर निघाली, तर इंजिनाचा संगणक अर्ध्या लिहिलेल्या अवस्थेत राहतो आणि गाडी सुरू होत नाही. बाबा दाराजवळ उभे राहून कोणी केबलला पाय लावू नये याची राखण करत होते.

रविवार : तोच घाट, नव्या फाइलवर

सकाळी पुन्हा सात, तीच टाकी, तेवढेच पाणी. गाव सोडतानाच पहिला फरक जाणवला. अॅक्सिलरेटर थोडा दाबला की गाडी लगेच प्रतिसाद देऊ लागली. या इंजिनात पायाखालच्या पेडलपासून थ्रॉटलपर्यंत तार जात नाही. पेडल किती दाबले हे संगणक वाचतो आणि थ्रॉटल किती उघडायचे हे तोच ठरवतो, त्यामुळे तेवढाच पाय ठेवून अधिक थ्रॉटल मिळू शकते. हा फरक सुखद आहे, परंतु त्याला ताकद समजू नये. थ्रॉटल पूर्ण उघडले की दोन्ही फाइलींत ते तेवढेच उघडते.

खरा फरक गारफिल्डनंतर दिसला. आदल्या दिवशी जिथे दुसरा पडला होता, तिथे गिअरबॉक्सने तिसराच धरून ठेवला, टॉर्क कन्व्हर्टर (इंजिनाची ताकद तेलातून गिअरबॉक्सला देणारा भाग) लॉक राहिला आणि इंजिन 3,800 ते 3,900 च्या दरम्यान एका सुरात ओढत राहिले. वेग 43 ते 44. इंजिनाचा टॉर्क 3,250 आरपीएमच्या भोवती सर्वांत जास्त असतो. कारखान्याची फाइल त्याच्यावर भरवसा न ठेवता लगेच खाली येते. नवी फाइल आधी टॉर्क वापरते आणि तो अपुरा पडला तरच गिअर बदलते. माथ्याआधीच्या सर्वांत तीव्र तुकड्यावर एकदा दुसरा पडला आणि वरपर्यंत तो तसाच राहिला. गिअरबॉक्सच्या तेलाचे सर्वोच्च तापमान 203 भरले. कन्व्हर्टर लॉक असला की त्यातली घसरण थांबते, आणि तेल तापवते ती मुख्यतः ही घसरणच.

माथ्यावर गाडी लावून आम्ही दोन्ही दिवसांची पाने शेजारी ठेवली. एकूण वेळेतला फरक एक-दीड मिनिटाचा होता. शेवटच्या तुकड्यावर, जिथे थ्रॉटल दोन्ही दिवस पूर्ण उघडे होते, वेग जवळजवळ सारखाच होता. टायमिंग थोडे पुढे होते आणि त्यातून काही अश्वशक्ती मिळाली असेल, पण 11,000 फुटांवर ती काट्यावर उठून दिसण्याइतकी नव्हती. बाबांनी चष्मा लावून आकडे दोनदा वाचले आणि म्हणाले, "म्हणजे इंजिन तेच आहे, ड्रायव्हर बदललाय." शुक्रवारी त्यांनी विचारलेल्या प्रश्नाला याहून नेमके उत्तर मला देता आले नसते. ट्यून विकणारे अनेकजण अश्वशक्तीचे आकडे पुढे करतात आणि ते मला पटत नाही. टर्बो नसलेल्या पेट्रोल इंजिनाच्या मोटरहोममध्ये गिअर कधी पडतो आणि कन्व्हर्टर कधी लॉक होतो, यातच पैशांचे मोल आहे.

उतार पुन्हा मुद्दाम त्याच वेगाने केला. टो-हॉलमध्ये दुसरा गिअर आदल्या दिवशीइतकाच घट्ट धरला गेला आणि पायाचा ब्रेक तेवढाच कमी लागला. ही खात्री झाल्यावरच पुढचा बेत कायम केला.

सोमवार : गनिसनमार्गे मॉन्ट्रोज

सकाळी परत मोनार्क ओलांडून पश्चिमेला उतरलो. गनिसनच्या पुढे ब्लू मेसा जलाशयाच्या काठाने रस्ता सतत लहान चढ-उतारांचा आहे. ट्यूनचा सर्वाधिक उपयोग मोठ्या घाटात होईल अशी माझी अपेक्षा होती, पण तो झाला या रस्त्यावर. पाचव्या आणि चौथ्यामधली ती उडी जवळपास थांबली. छोट्या टेकाडावर इंजिन पाचव्यातच 2,300-2,400 वर नेटाने ओढते आणि चौथा मागते ते खरी गरज पडल्यावरच. बाबा मागे जाऊन झोपले. शुक्रवारी त्यांना हे जमले नव्हते.

मॉन्ट्रोजला पोहोचल्यावर टाकी भरून हिशेब केला. गॅलनला 7.7 मैल पडले. सलायडापर्यंत 7.4 पडले होते. हा फरक मी ट्यूनच्या खात्यावर लिहिणार नाही. सोमवारी वारा पाठीमागून होता आणि दिवसाची गोळाबेरीज उताराची होती. एवढ्या मोठ्या सपाट तोंडाच्या गाडीत पेट्रोल खातो तो मुख्यतः वाऱ्याचा विरोध, आणि ताशी 65 ऐवजी 60 मैलांवर चालवल्याने जे वाचते, ते कोणत्याही फाइलने वाचत नाही.

मंगळवार : ग्रँड जंक्शन

अंतर थोडेच होते, पण उकाडा फार. ग्रँड जंक्शन सुमारे 4,580 फुटांवर आहे. इथे हवा दाट असते आणि सिलिंडरमधला दाब वाढतो, म्हणून नॉकिंगची तपासणी डोंगरावर न करता इथेच करायची होती. दुपारच्या उन्हात गावाबाहेरच्या चढावर पूर्ण थ्रॉटल देऊन टायमिंगचे आकडे पाहिले. ते एकाएकी मागे सरकले नाहीत आणि झाकणाला कान लावून बसलेल्या बाबांना कसलीही टकटक ऐकू आली नाही. डोंगरात 85 भरून कोणी याच फाइलवर इथे उतरला असता, तर हेच आकडे इतके स्वच्छ राहिले असते असे मला वाटत नाही.

कॅम्पग्राउंडवर शेजारी कॅलिफोर्नियाहून आलेले एक वयस्कर गृहस्थ होते. त्यांची गाडीही एफ-53, पण जुन्या, प्रत्येक सिलिंडरला दोन व्हॉल्व्ह असलेल्या व्ही-10 ची. त्यांनी सॉफ्टवेअरला हात न लावता बँक्स कंपनीचे हेडर (मूळ मॅनिफोल्डऐवजी इंजिनातून धूर बाहेर नेणाऱ्या नळ्या) आणि एक्झॉस्ट बसवले होते. मूळ मॅनिफोल्डचे बोल्ट उष्णतेने तुटतात, ही या इंजिनाची जुनी तक्रार आहे आणि ते काम करतानाच त्यांनी हेडर बसवून घेतले. जुन्या हेडमध्ये स्पार्क प्लगला आटे कमी असल्याने प्लग उडून बाहेर येण्याचे प्रकारही होतात. प्लग योग्य टॉर्कने आवळले आहेत की नाही, हे ते दरवर्षी तपासतात.

ट्यून का नाही, असे विचारल्यावर त्यांनी कायद्याचे कारण सांगितले आणि ते रास्त आहे. कॅलिफोर्नियात वाहन संहितेच्या कलम 27156 नुसार उत्सर्जनावर परिणाम करणाऱ्या कोणत्याही बदलाला तिथल्या हवा-मंडळाचा सूट-क्रमांक लागतो, आणि 19 जुलै 2021 पासून तिथली स्मॉग तपासणी बदललेले सॉफ्टवेअर ओळखून गाडी नापास करते. देशभर लागू असलेला क्लीन एअर अॅक्टही उत्सर्जन-यंत्रणेशी छेडछाड करू देत नाही. म्हणून फाइल मागवतानाच कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, ऑक्सिजन सेन्सर आणि त्यांच्या तपासण्या पूर्णपणे जशाच्या तशा राहतील, हे मी लेखी मागून घेतले होते. धूर ओकणारी गाडी डोंगरात नेण्याचा अधिकार कोणालाही नाही, मग ती कितीही छान ओढत असली तरी.

भारतातले ओळखीचे लोक मला अधूनमधून असे ट्यूनिंग तिकडच्या कॅम्परव्हॅनवर करावे का असे विचारतात. तिथे मोटार वाहन कायद्याचे कलम 52 मूळ नोंदीपासून गाडी बदलू देत नाही, त्यामुळे आधी ते वाचावे.

बुधवार : व्हेल पास, जॉन्सन बोगदा आणि घर

इंटरस्टेट 70 ने पूर्वेकडे निघालो. 1992 मध्ये पूर्ण झालेला ग्लेनवूड कॅन्यनचा रस्ता नदीच्या कडेने पुलांवरून आणि बोगद्यांतून जातो. तिथे चढ सौम्य असल्यामुळे वहीत लिहिण्यासारखे काही घडले नाही. खरी कसोटी दुपारी लागली. व्हेल गाव सुमारे 8,150 फुटांवर, तर पास 10,660 फुटांच्या आसपास आहे आणि चढ सात टक्क्यांपर्यंत जातो. दुपारी दोनचे ऊन होते आणि उजव्या लेनमध्ये ट्रकची रांग लागलेली होती. ट्रकमागे 35 वर अडकल्यावर दोन्ही फाइलींना दुसरा गिअर घ्यावाच लागतो. तिथून बाहेर पडून 45 गाठायला डाव्या लेनमधली मोकळी जागा बरीच मोठी असावी लागते, आणि ट्यूनमुळे ती लहान होत नाही. ओव्हरटेक करण्याच्या आशेने ट्यून घेणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावे.

सिल्व्हरथॉर्नहून बोगद्याचा चढ हा सगळ्या प्रवासातला सर्वांत कठीण. साधारण 9,000 फुटांवरून काही मैलांतच 11,158 फुटांवरच्या पश्चिम तोंडाशी पोहोचायचे असते. पूर्वेकडे जाणारी वाहतूक 1979 मध्ये खुल्या झालेल्या जॉन्सन बोगद्यातून जाते. इथे मी वेगाचा हट्ट सोडला, हाताने दुसरा गिअर निवडला आणि 4,300 आरपीएम धरून ताशी 33-34 मैलांवर चढत राहिले. कूलंट 212 अंशांवर, गिअरबॉक्स 207 वर, आणि दोन्ही काटे तिथेच स्थिर. बाबांनी घड्याळात पाहून बोगद्याच्या तोंडाशी पोहोचल्याची वेळ लिहिली आणि खाली एक ओळ जोडली : "पूर्ण चढात गिअर एकदाच."

घरी पोहोचल्यावर कारखान्याची फाइल परत टाकली नाही. नव्या फाइलनंतर संगणकाच्या स्वयंतपासण्या कोऱ्या होतात आणि त्या पूर्ण व्हायला काही दिवसांचे मिश्र चालवणे लागते. उत्सर्जन तपासणीची मुदत त्यानंतरची आहे, तोवर त्या पूर्ण होतील. 91 ऑक्टेनची फाइलही सोबत मिळाली आहे, पण तिच्यासाठी दर टाकीला जास्त पैसे मोजून या उंचीवर जे मिळेल, ते मला पुरेसे वाटत नाही. ते पैसे आधी स्पार्क प्लगवर खर्च होतील. तीन व्हॉल्व्हच्या या इंजिनाच्या सुरुवातीच्या हेडमध्ये प्लग दोन तुकड्यांचे असत आणि काढताना आत तुटत; आमचे हेड नंतरचे असले तरी जास्त वर्षे बसलेले प्लग जपूनच काढायचे. बाबा परतण्यापूर्वी ते काम त्यांच्या हाताखाली करायचे ठरले आहे. इंजिन कोमट असताना प्रत्येक प्लग थोडा सैल करायचा, आट्यांत कार्बन सोडवणारे द्रव घालायचे, रात्रभर मुरू द्यायचे आणि दुसऱ्या दिवशी हळूहळू पुढे-मागे फिरवत बाहेर काढायचा, असा आमचा बेत आहे.